प्रतिबिंबापुरता उजेड

थोरल्या जाऊबाई पडल्या, तेव्हा प्रत्येकाला कारण लगेच सापडलं. डॉक्टर म्हणाले, वय. बेबी म्हणाली, वय आणि हट्ट. बेबी म्हणजे जाऊबाईंची एकुलती एक लेक. पन्नाशी उलटली, एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिथे तिला पाहून शिक्षकसुद्धा सरळ उभे राहतात, पण घरात ती बेबीच. तिने आईच्या मनगटावरचं बँडेज उलटसुलट करून पाहिलं आणि जाहीर केलं, "रविवारी मी गाडी घेऊन येते. आईला माझ्याकडे नेते. काकू, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना सांभाळायचं म्हणजे आंधळ्याने पांगळ्याला..." पुढचं तिने गिळलं.

आंधळी कोण आणि पांगळी कोण, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण माझं लक्ष जाऊबाईंकडे होतं. ज्या बाईने आयुष्यात कधी दुसऱ्याला शेवटचा शब्द घेऊ दिला नाही, ती खाली मान घालून बँडेजच्या कडेचा दोरा उपसत बसली होती.

वयाने माणूस पडतं हे मला मान्य आहे. मी स्वतः पडलेली आहे. पण जाऊबाई वयाने पडल्या नव्हत्या, याची मला खात्री होती. त्या पडल्या तेव्हा मी शेजारी बसले होते आणि आमचा दोघींचा लपंडावाचा डाव नुकताच संपला होता.

हा लपंडाव कॉम्प्युटरवरचा. आमचा पुतण्या लोकांना कॉम्प्युटर जुळवून देण्याचं काम करतो. त्याच्या तोंडी सदानकदा यंत्रातल्या पंख्यांचं कौतुक, म्हणून त्याचं नाव आम्ही पंख्या ठेवलं आहे. दोघींचे नवरे गेले, दुकान विकलं, आणि दिवसभर घरात समोरासमोर बसून भांडायलाही विषय उरेना, तेव्हा त्याने एक यंत्र आणून दिलं आणि हा खेळ लावून दिला. एक जुनं, भलंमोठं हॉटेल. लांबच लांब कॉरिडॉर, जिने, काचेची दारं, नाचाचा हॉल. त्यात कुठकुठल्या देशांतले लोक येऊन लपतात आणि ज्याच्यावर राज्य असेल त्याने वेळ संपायच्या आत त्यांना शोधून धप्पा द्यायचा. लपणारा हुशार असेल तर शोधणाऱ्याच्या पाठीमागून गुपचूप सरकत राहतो. बाकीचे एकेकटे खेळतात. आमच्यात माऊस आणि बटणं माझ्या हाती, डोळे जाऊबाईंचे.

ते डोळे कसे तयार झाले ते सांगितलं पाहिजे. आमच्या सासरचं दुकान आरशांचं. जाऊबाई काउंटरवर बसत त्या दाराकडे पाठ करून, कारण दाराच्या समोरच्या भिंतीवर सगळा माल टांगलेला. कोण आत आलं, कुणी काचेला बोट लावलं, कोण नुसती चौकशी करून जाणार, हे त्या मान न वळवता सांगत. एक गृहस्थ वरचेवर येत आणि दोन आरशांच्या मधोमध उभे राहून स्वतःचं टक्कल मागून पाहून जात. घेतलं कधी काही नाही. ते बाहेर पडले की जाऊबाई पाठमोऱ्याच म्हणत, "आज थोडं सरकलंय."

सासूबाई सारख्या आत-बाहेर करत, त्यामुळे आम्हा दोघींचं निम्मं बोलणं आरशातून, नजरेने. एकदा आमचा अबोला झाला. कशावरून ते आता दोघींनाही आठवत नाही, असं आम्ही सांगतो. मला आठवतं, पण ते असो. त्या अबोल्यातसुद्धा सासूबाईंनी लांबलचक उपदेश सुरू केला की आमच्या नजरा आरशात भेटायच्या आणि हसू दाबताना दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

खेळातही जाऊबाई तशाच बघत. दारामागे, पडद्यामागे शोधणं त्यांना बावळटपणाचं वाटे. त्या बघत लिफ्टच्या चकचकीत दाराकडे, पुसलेल्या फरशीकडे, जेवणाच्या टेबलावरच्या किटलीकडे. "थांब. किटलीत कुणीतरी हललं. आपल्या मागे आहे, उजवीकडे." मी गर्रकन वळायचं आणि धप्पा. पलीकडचा माणूस त्याच्या भाषेत काहीतरी लिहायचा. पंख्या म्हणे, "थोरली काकू, तो तुम्हाला लबाड म्हणतोय." त्या म्हणत, "त्याला सांग, रडीचा डाव खडी."

तर हे सगळं एका जुन्या, लहानशा मॉनिटरवर छान चाललं होतं. मग बेबीने आईच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून पुढच्या खोलीत भिंतभर टीव्ही आणून लावला. मोठा टीव्ही आला म्हणून पंख्याने आपलं वापरलेलं, पण आमच्याकडच्यापेक्षा ताकदीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं काढणारा भाग, यंत्रात बसवलं, आणि टीव्हीला झेपेल तितकी चित्राची सगळी सेटिंग्ज वरच्या टोकाला नेऊन ठेवली. हॉटेलच्या दारात उभं राहून त्याने आम्हाला ते दाखवलं. खरंच डोळ्यांचं पारणं फिटलं. दिव्याचा पिवळा उजेड लाल गालिच्यावर पडून भिंतीवर तांबूस होऊन चढत होता. फुलदाणीतल्या फुलांच्या पाकळीची सावलीसुद्धा पाकळीएवढी नाजूक. पंख्याने शिट्टी वाजवली. आम्हीही माना डोलावल्या.

दोन-तीन दुपारी तसे खेळलो. त्या शेवटच्या दुपारी डाव संपला, जाऊबाई उठल्या, आधारासाठी हात टीपॉयकडे नेला, आणि त्यांना वाटलं तिथे टीपॉय नव्हता.

बेबी गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू? पडले ती मीच ना."

"का पडलात?"

जाऊबाईंनी दोरा तोडला. "माझी आई पहिल्यांदा अशीच पडली होती. कारण नाही, काही नाही. मग हळूहळू तिला माणसं ओळखू येईनात. मला कळत नाही असं समजू नकोस. खेळताना नाचाच्या हॉलकडे वळलं की सगळं पोहायला लागतं. आधी पडद्यावर, मग डोक्यात. उठले तरी पोहतच असतं."

"हॉलकडे वळलं की? आणि कॉरिडॉरमध्ये?"

"तिथे नाही."

"जिन्यावर?"

"नाही गं. हॉलच. आणि ती काचेची गॅलरी."

"मग हे कसलं डोकं, जे बरोब्बर हॉलपाशी बिघडतं?" मी म्हटलं. "बिघडायचं तर स्वयंपाकघराच्या दारात बिघडलं असतं. न्हाणीघरात बिघडलं असतं. मी पंख्याला बोलावते."

पंख्या आला तो आधीच ओशाळलेला. त्याला वाटलं, आता यंत्र परत न्यायला सांगणार. मी म्हटलं, "नेऊ नकोस. मला एवढंच सांग, हे चित्र कधी धड चालतं आणि कधी अडखळतं, हे मोजता येतं का?"

"येतं की. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं काढतं, तो आकडा दिसतो. चित्रं भरपूर आणि एकसारखी आली की हालचाल सलग वाटते. कमीजास्त व्हायला लागली की..." तो थांबला. जाऊबाईंकडे बघून म्हणाला, "पण तिथे उभं राहून मी बघितलं होतं, आकडा चांगला होता."

"उभं राहून. आम्ही उभ्या राहून खेळत नाही, पळतो."

तो आकडा टीव्हीवर नको, तुझ्या फोनवर आण, असं मी त्याला सांगितलं. जाऊबाईंना तो दिसायला नको होता. त्यांना म्हटलं, "तुम्ही फक्त चित्र बघायचं. पोहायला लागलं की म्हणायचं, आत्ता." एक उशी पाठीला, एक बँडेजच्या हाताखाली दिली आणि मी निघाले. कॉरिडॉर गेला. जिना गेला. जाऊबाई गप्प. हॉलकडे वळले.

"आत्ता."

पंख्याने फोन माझ्याकडे तिरका केला. आकडा निम्म्यावर आला होता. मी परत जिन्यावर गेले, तिथे तो चढला. वेगळ्या वाटेने गॅलरीत शिरले.

"आत्ता. अगं, आत्ता."

पुन्हा निम्मा. हॉलमध्ये आरसेच आरसे, गॅलरीत काचाच काचा. यंत्राचा तिथे जीव जात होता. मग आधी ठरल्याप्रमाणे मी पंख्याला खूण केली. त्याने चहा आणायच्या निमित्ताने जाऊबाईंना आत पाठवलं आणि तेवढ्यात चित्र किती बारीक काढायचं तो आकडा झटकन खाली आणला. त्या येऊन बसल्या. मी पुन्हा त्याच वाटेने गेले, त्याच हॉलमध्ये, आणि मधोमध उभी राहून एक चक्कर मारली.

जाऊबाई पोहायला लागायची वाट बघत होत्या. "अजून नाही गं. किती वेळ?"

"हाच तो हॉल, जाऊबाई. फिरून झाला."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पंख्याने फोन त्यांच्यासमोर धरला. आकडा जागचा हलला नव्हता. त्यांना आकड्यातलं फारसं कळलं नसेल, पण त्याचा चेहरा त्यांनी वाचला.

"मग मी ठीक आहे?"

"ठीक तुम्ही कधीच नव्हता," मी म्हटलं. "पण डोकं जागेवर आहे."

त्या उठून न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता, आणि आवाज नेहमीचा. "पंख्या, आता यातलं काय काढायचं ते सांग. आणि भराभरा सांगू नकोस, तुझी धाकटी काकू पटकन होकार देऊन मोकळी होते आणि मग मला विचारत बसते."

पंख्याने समजावलं ते मला असं कळलं. यंत्राची ताकद एकच, आणि तिला वाटेकरी पुष्कळ. एक वाटेकरी रेझोल्यूशन: चित्रात ठिपके किती. भिंतभर टीव्हीला आमच्या जुन्या मॉनिटरच्या चौपट ठिपके लागतात, म्हणजे यंत्राला चौपट काम. दुसरा रे ट्रेसिंग: उजेडाचा एकेक किरण कुठून निघाला, कुठे आपटला, कुठे वळला याचा यंत्र माग काढतं. सावल्या, भिंतीवर चढणारा तांबूस उजेड, आरसे, सगळं त्यातूनच येतं, आणि सगळ्यात जास्त खातंही तेच. तिसरं अपस्केलिंग. ते खाणारं नाही, वाचवणारं. यंत्र चित्र लहान काढतं आणि आधीच्या चित्रांवरून अंदाज बांधत ते मोठं करतं. बेताने वापरलं तर फरक कळत नाही. ताणलं तर कळतो.

मी जन्मभर स्वयंपाकघर आणि दुकान दोन्ही चालवलं. वाटेकरी जास्त झाले तर सगळ्यात खादाड असेल त्याला आधी उठवायचं, हे काही मला नवं नव्हतं. मी ठामपणे सांगितलं, "ते किरण बंद कर. सगळे."

आकडा असा वर गेला की पंख्या खूश. चित्र लोण्यासारखं. जाऊबाईंना चक्कर नाही, काही नाही. मी विजयाने डाव मांडला, आणि आम्ही हरलो. पुन्हा मांडला, पुन्हा हरलो. कुणी एक टोपीवाला सगळा वेळ आमच्या पाठीमागून चालत होता, असं शेवटी खेळाने दाखवलं, आणि जाऊबाईंना त्याचा पत्ता नाही.

"हा आरसा नव्हे," त्या म्हणाल्या. "ही झेरॉक्स आहे. मी जे बघतेय तेच मला परत दाखवतोय. माझ्या मागचं कुठाय?"

पंख्या जवळ जाऊन बघू लागला. "बरोबर आहे. किरण बंद केले की खेळ स्वस्तातले आरसे वापरतो. पडद्यावर जे आहे त्यातलंच उलटं करून चिकटवतो. पडद्याबाहेरचं त्याला माहीतच नसतं. आणि काकू, हे तर माझ्या लक्षातच आलं नसतं. मी आरशात बघत नाही, मी नुसता गोळीसारखा पळतो."

"म्हणून तू तासाभरात दहादा हरतोस," जाऊबाई म्हणाल्या. पण त्यात दम नव्हता. माऊसकडे बोट दाखवून त्या मला म्हणाल्या, "असं खेळायचं तर नको गं. तू खेळ. मी जाते बेबीकडे. तिथे निदान खिडकीतून रस्ता दिसतो."

त्यांना रस्ता बघायला आवडतो म्हणून त्या हे बोलल्या नव्हत्या. बेबीचं घर नीटनेटकं आहे, जावई भला आहे, पण दिवसभर तिथे कुणी नसतं. गेल्या वेळी महिनाभर राहून परत आल्या तेव्हा या बाईने आठवडाभर माझ्याशी भांडण काढलं नव्हतं. मला तेव्हा खरी भीती वाटली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःच बसले. पंख्याला कामं होती. त्याला फोनवर विचारत विचारत मी किरण परत आणले, सगळेच्या सगळे, आणि भरपाई म्हणून चित्राचे ठिपके एकदम कमी करून अपस्केलिंग टोकाला ताणलं. आकडा समाधानकारक. जाऊबाईंना मी म्हटलं, "या. तुमच्या मागचं परत आलंय."

आलं होतंच. पण कसं, तर लिफ्टच्या दारात त्यांना माणूस दिसला. "डावीकडे." मी वळले. कुणी नाही. "अगं, अजून दिसतोय. छत्र्यांच्या स्टँडपाशी." मी जाऊन छत्र्यांच्या स्टँडला धप्पा दिला. मग कुंडीला दिला. मग एका कोटाला, जो नुसता टांगलेला होता. तो लपणारा केव्हाच निघून गेला होता. दारात उरला होता त्याचा धुरकट पट्टा, ओल्या फडक्याने आरसा पुसल्यावर उरतो तसा. फोनवर पंख्या म्हणाला, "इतक्या कमी ठिपक्यांतून आरसा काढायचा म्हणजे यंत्र आधीची चित्रं एकमेकांत कालवतं. त्यामुळे गेलेला माणूस थोडा वेळ तिथेच राहतो."

"गेलेली माणसं तिथेच राहतात हे तू मला नको सांगू," जाऊबाई फोनमध्ये ओरडल्या, आणि कोटाला दिलेला धप्पा आठवून इतक्या हसल्या की बँडेजचा हात धरून बसल्या. पडल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं, आता जमणार.

जमलं ते संध्याकाळी पंख्या आल्यावर, भांडत भांडत. जाऊबाईंनी एकेक जिन्नस काढायला लावला आणि काढल्यावर काय गेलं ते सांगितलं. किरणांच्या सावल्या बंद केल्या. "काही गेलं नाही." भिंतीवर चढणारा तांबूस उजेड बंद केला. मला वाईट वाटलं, तो मला आवडायचा. त्या म्हणाल्या, "सुंदर होता. पण त्याने कधी कुणाला पकडून दिलं नाही." राहू दिले फक्त आरसे. आणि काय सांगू, निम्म्याहून जास्त ओझं तिथेच उतरलं. आरसे सोडून बाकी किरणांचा थाटच यंत्राच्या जिवावर उठला होता.

मग ठिपके. टीव्ही फोर-के, म्हणजे त्या चौपट ठिपक्यांचा, असला म्हणून आपण फोर-केच दिलं पाहिजे असं नाही, हे पंख्याला पटायला वेळ लागला. त्याच्या धंद्यात ते पाप आहे. आमच्या दुकानात एक गोष्ट दोघींनाही पक्की ठाऊक होती: मोठा, पण लाटा असलेला आरसा असतो, आणि लहान, पण सरळ असतो. चेहरा बघायला माणूस सरळ आरशाकडेच जातं. आम्ही चित्र एक पायरी खाली आणलं, आणि अपस्केलिंग ताणायचं तिथे हलकं ठेवलं, 'क्वालिटी' असं लिहिलेलं असतं तिथे. धुरकट पट्टे गेले. सोफ्यावरून बघताना फरक मला दिसेना. पंख्याला दिसत होता, पण तो टीव्हीला नाक लावून बघत होता.

एका गोष्टीवर मात्र तो अडून बसला. "काकू, फ्रेम जनरेशन लावू. दोन चित्रांच्या मध्ये यंत्र स्वतःचं एक चित्र घालतं. आकडा जवळजवळ दुप्पट."

लावून बघितलं. आकडा खरंच वाढला, पण माझा हात मागे राहिला. मी माऊस वळवला की हॉटेल क्षणभर विचार करून मग वळे. मी म्हटलं, "काढ ते. मला मोठा आकडा नको. हललं की हललं पाहिजे."

"मग आकडा साठाच्या वर जाणार नाही."

"वर जाऊ नये आणि खालीही येऊ नये. तिथेच बांधून ठेव त्याला."

त्याने बांधून ठेवला. टीव्हीत आणखी एक सोय होती, जी आपण न विचारता चित्र गुळगुळीत करत बसते. तीही बंद केली. मी हॉलमध्ये शिरले, गॅलरीत शिरले, मुद्दाम गरागरा फिरले. फोनवरचा आकडा खिळा ठोकल्यासारखा. जाऊबाई पुढे सरकून बसल्या होत्या. "झुंबराच्या खाली. चांदीच्या ताटात बघ. तो टोपीवाला." मी वळले, आणि टोपीवाल्याला धप्पा.

रविवारी बेबी आली. तिच्याबरोबर गाडी होती आणि चेहऱ्यावर शाळा. मी चहा दिला आणि काय काय झालं ते सगळं सांगितलं. टीव्हीचा भाग जरा अलगद सांगितला, कारण तो तिने प्रेमाने आणला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिचं डोकं चांगलं आहे, आईवर गेलंय.

"म्हणजे चक्कर खेळामुळे आली," ती म्हणाली.

"खेळाच्या चुकीच्या मांडणीमुळे."

"ठीक आहे. मग खेळ बंद. चक्कर बंद. पण तरी तुम्ही दोघी इथे एकट्याच ना, काकू? आज हे सापडलं. उद्या दुसरं काही होईल."

उद्या दुसरं काही होणारच आहे, आमच्या वयाला ते कुणी नाकारू नये. मी जाऊबाईंकडे पाहिलं.

"बेबी, इकडे बस," त्या म्हणाल्या. "मी पडले हे खरं. पडल्यावर मला वाटलं, माझी आई झाली तशी मी होणार. मी ते कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तुझ्या घरी पडले असते तर तू मला अंथरुणात झोपवलं असतंस, उशाशी पाणी ठेवलं असतंस आणि प्रेमाने रोज चारदा विचारलं असतंस, बरं वाटतंय का. आणि मी तेच मनात धरून पडून राहिले असते. इथे ही बया मला विचारत बसली, कोणत्या कोपऱ्यावर? जिन्यावर येते का? नाही? मग हॉलमध्येच का?"

"पण आई..."

"तुझ्याकडे मी येईन. राहीन, भांडेन, परत येईन. पण सांभाळायला म्हणून नको नेऊस."

बेबीने कप खाली ठेवला, परत उचलला. मग म्हणाली, "चक्कर येत नाही हे मी डोळ्यांनी बघणार. नुसतं सांगून चालणार नाही."

"बघ की," मी म्हटलं. "नुसती बघू नकोस. लप."

पंख्याचा एक लॅपटॉप आमच्याकडे पडून असतो. तो तिला आतल्या खोलीत लावून दिला, बटणं दाखवली. मुख्याध्यापिका आयुष्यभर मुलांना शोधत आली होती; लपायचं कसं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्याच डावात ती पडद्यामागे लपली, आणि समोरच्या काचेच्या कपाटात तिचे बूट दिसत होते. जाऊबाई म्हणाल्या, "अरेरे." दुसऱ्या डावात ती पियानोखाली. तिसऱ्या डावात तिला कळलं की आपल्याला कशामुळे पकडतात. तेव्हा ती आमच्या पाठीमागून सरकू लागली, जाऊबाईंना जे सगळ्यात आवडतं ते. तेही किटलीत दिसलं.

"हे चीटिंग आहे," आतून आवाज आला.

"रडू नकोस," जाऊबाई ओरडल्या. "आरसे तुझ्याही हॉटेलात आहेत."

असे पुष्कळ डाव झाले. मग जाऊबाई उठल्या. मी मुद्दाम हात पुढे केला नाही. त्या टीपॉयच्या कडेने सरळ चालत आतल्या खोलीपर्यंत गेल्या आणि दारात, चौकटीला न टेकता, उभ्या राहिल्या.

"चहा घेणार का परत? की बसणार अजून लपून?"

बेबी लॅपटॉपवरून मान वर करून आईला पायापासून डोक्यापर्यंत बघत होती. मग म्हणाली, "आता राज्य माझ्यावर. मला टीव्हीसमोर बसू दे."

"तुला एकटीला दिसणार नाही."

"मग तू बस शेजारी. काकूंना म्हणावं, लपा."

म्हणून मला लॅपटॉप मिळाला. त्यावर सगळं जाडंभरडं दिसत होतं, पण लपायला काय लागतं. मी हॉटेलच्या मागच्या जिन्याखाली, कोळसा ठेवतात त्या अंधाऱ्या कोनाड्यात जाऊन बसले. तिथे ना काच, ना किटली, ना पुसलेली फरशी. जाऊबाईंच्या सगळ्या वाटा मला ठाऊक आहेत.

पुढच्या खोलीतून आवाज येत होते. बेबीचा फोन वाजला. "हो, मी इथेच आहे. नाही, आई येत नाहीये. मी जेवून येते, तुम्ही घ्या वाढून." मग जाऊबाईंचा, "अगं, हळू फिरव, तुझ्या बापासारखी धसमुसळी आहेस. थांब. ताटात बघ. नाही? मग लिफ्ट."

"काकू आहेत तरी कुठे?" बेबी वैतागून म्हणाली.

"असेल जिन्याच्या वर कुठेतरी," जाऊबाई म्हणाल्या. "वरच जायची सवय आहे तिला."

साफ चुकल्या होत्या. मी कोनाड्यात आणखी आत सरकले.